सीडी कपाटात ठेवणं म्हणजे जपणं नव्हे

माझ्या ताईचं लग्न २००६ साली हिंगणघाटला झालं. लग्नाच्या शूटिंगच्या तीन व्हीसीडी घरी आल्या. पहिलीत हळद, दुसरीत लग्न, तिसरीत पंगत आणि पाठवणी. प्रत्येकीवर नवरा-नवरीच्या फोटोचं गोल स्टिकर. महिनाभर येईल त्या पाहुण्याला त्या दाखवून झाल्या. मग आईने त्या प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या, पाकीट जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवून दिलं. त्या लॉकरमध्ये शेताचा सातबारा होता, विम्याचे कागद होते, आईचे चार दागिने होते. घरातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूंमध्ये सीडींना जागा मिळाली.

पहिल्या सीडीच्या शेवटी शेवटी माझी आजी गाते. हळद लावून झाल्यावर, मांडवात, बायांच्या घोळक्यात बसून. कॅमेरावाल्याने लाईट तोंडावर मारला म्हणून आधी लाजते, मग पदर सारखा करते आणि गाते. चार-पाच मिनिटं. आजी २०११ मध्ये गेली. तिच्या आवाजाचं दुसरं कुठलंही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही.

२०१९ च्या दिवाळीत ताईच्या मुलीने पणजीला पाहायचा हट्ट धरला. सीडी लावली. प्लेअर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि स्क्रीनवर 'नो डिस्क' आलं. दुसरी आणि तिसरी सीडी व्यवस्थित चालली. पहिली नाही. ज्याने शूटिंग केलं होतं त्याच्याकडे गेलो. त्याच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. तो बिचारा प्रामाणिक माणूस. म्हणाला, "दादा, त्या कॅसेटवर तर त्याच सीझनमदी दुसऱ्याचं लग्न झालं."

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई एवढंच बोलली, "एवढी जपून ठेवली होती ना मी, बाप्पा!"

आईचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरं होतं. तिने खरोखर जपून ठेवली होती आणि तरीही ती गेली. मला वाटतं, जपून ठेवली म्हणूनच गेली. सीडी लॉकरमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असं आम्ही सगळे तेरा वर्षं समजत होतो. २००८ पासून आमच्या घरी कॉम्प्युटर होता. त्यात सीडी ड्राइव्ह होता. मी रात्र रात्र जागून त्यावर रिंगटोन उतरवत होतो, मित्रांच्या पेन ड्राइव्हवर गाणी भरून देत होतो. ती व्हीसीडी हार्ड डिस्कवर उतरवायला दहा मिनिटं लागली असती. मला सुचलं नाही. या लेखात मी जे काही तावातावाने बोलणार आहे, त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

'यूट्यूबवर सारं असते ना'

घरातल्या जुन्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला मी बसलो, तेव्हा माझ्याच वयाचा आतेभाऊ म्हणाला, "काहून डोकं खाऊन राहिला बे? यूट्यूबवर सारं असते ना."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ते किती खोटं आहे हे तपासायला फार लांब जायला नको. तुमच्या घरातल्या सीडींचा डबा उघडा. आमच्या डब्यात निघालेल्या वस्तू सांगतो. तीन लग्नं. शाळेचं एक स्नेहसंमेलन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या दोन सीडी, त्यातली एक गावातल्याच भजनी मंडळाने स्वतःच्या खर्चाने काढलेली. बाबांच्या एका मित्राने दिलेली, दीक्षाभूमीच्या बाहेर स्टॉलवर मिळालेली भीमगीतांची व्हीसीडी. तिच्यावर छापलेल्या कंपनीचा फोन नंबर आता लागत नाही. गावातल्या एका नाटकाचं रेकॉर्डिंग, ज्यात बाबा इन्स्पेक्टर झाले आहेत आणि दोनदा संवाद विसरले आहेत.

यातलं काहीही यूट्यूबवर नाही आणि कुणी टाकेल अशी शक्यताही नाही. मोठ्या कंपनीचं हिट गाणं हजार ठिकाणी मिळेल. पण नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकात व्हिडिओ कॅमेरे आणि सीडी रायटर स्वस्त झाले, तेव्हा आपल्याकडच्या साध्या माणसांनी पहिल्यांदाच स्वतःला हलताबोलता नोंदवून ठेवलं. त्याआधी वर्षाकाठी एखादा फोटो, तोही लग्नातला. या नोंदी कुठल्याही सर्व्हरवर गेल्या नाहीत. त्या दिवाणाखालच्या डब्यात आहेत. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या, मास्तराच्या घरातला तो काळ इंटरनेटला माहीतच नाही.

आणि जे इंटरनेटवर आहे ते तरी राहतं का? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्यावर आमच्या कॉलेजची अख्खी तीन वर्षं होती. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरापोरींनी आपले व्हिडिओ फक्त तिथेच ठेवले होते, त्यांचं काम एका रात्रीत त्यांच्या हाताबाहेर गेलं. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला संपली. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. म्हणजे उद्या एखादा माणूस वारला आणि त्याच्या खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत नसला, तर तेराव्यानंतर दोन वर्षांनी त्याचे फोटोही जाऊ शकतात.

विकत घेतलेल्या वस्तूचीही तीच कथा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेलं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत दिले. पण पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेलं आणि टेबलावर पैसे ठेवले, तर आपण त्याला काय म्हणू? जानेवारी २०२४ मध्ये 'अन्नपूरणी' हा तमिळ सिनेमा वादानंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. सिनेमा चांगला की वाईट, हा प्रश्न इथे मला महत्त्वाचा वाटत नाही. ज्याने महिन्याचे पैसे भरले होते, त्याच्याकडे त्याविषयी स्वतःचं मत बनवायला सिनेमाच उरला नाही, हा माझा मुद्दा आहे.

सेवाग्रामच्या कपाटातले शंभर खंड

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, सर्वोदयी वळणाचे, वर्ध्यातच हयात घालवलेले. माझा सीडी उतरवण्याचा उद्योग कळल्यावर म्हणाले, "अपरिग्रह शिक जरा. किती गोळा करशील?"

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला पहिल्यांदा शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले. बापूकुटीत जाऊन पाहा. मातीच्या भिंती, चटई, मोजक्या वस्तू. पण त्याच आवारात महादेव कुटीही आहे. महादेवभाई देसाई गांधीजींचे सचिव होते आणि ते काय करत? गांधीजी काय बोलले, कुणाला काय लिहिलं, याची रोजची नोंद. पुढे गांधीजींचं समग्र लेखन इंग्रजीत शंभर खंडांत निघालं, १९५८ ते १९९४ या काळात. त्यातल्या पत्रांखाली मूळ कुठून मिळालं याची टीप असते. कितीतरी ठिकाणी लिहिलेलं दिसेल की हे पत्र मूळ कागदावरून नव्हे तर नकलेवरून, किंवा फोटोस्टॅटवरून घेतलं आहे. मूळ पत्र ज्याला लिहिलं त्याच्याकडे गेलं. आपल्यापर्यंत आली ती नक्कल. अपरिग्रहाच्या त्या आश्रमात माणसं चिकाटीने नकला करत बसली होती म्हणून.

या शंभर खंडांची पुढची गोष्ट तर थेट सीडीची आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी या ग्रंथमालेची सीडी निघाली आणि पाठोपाठ सुधारित आवृत्ती. नवी आवृत्ती म्हणून लोकांनी स्वागत केलं. मग अभ्यासकांनी ती जुन्या खंडांशी ताडून पाहिली. नोंदींचा क्रम बदलला होता, काही मजकूर गळला होता, मूळ खंडांच्या प्रस्तावना नव्हत्या. बराच गदारोळ झाला आणि २००५ मध्ये सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. पुढे मूळ खंडांवरून नवी डिजिटल आवृत्ती तयार झाली, ती २०१५ मध्ये लोकांसमोर आली.

आता विचार करा. चूक कशी कळली? लोकांच्या कपाटांत, ग्रंथालयांत, आश्रमांत जुने खंड होते म्हणून. प्रकाशकाला देशभरातल्या कपाटांत शिरून जुनी पुस्तकं बदलता येत नव्हती म्हणून. हेच शंभर खंड फक्त एका वेबसाइटवर असते आणि एका रात्री 'अपडेट' झाले असते, तर ताडून पाहायला काय उरलं असतं? वाईट हेतू असण्याचीही गरज नाही. निष्काळजीपणा पुरतो. गांधीजींच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर ज्यांच्यासाठी कुणी अभ्यासक भांडणार नाही, त्या तुमच्या-माझ्या घरच्या गोष्टींचं काय?

नक्कल हा वाईट शब्द नाही

शाळेत 'नक्कल' म्हणजे कॉपी, म्हणजे गुन्हा. पण तहसील कचेरीत जा. तिथे नक्कल हा मानाचा शब्द आहे. सातबाऱ्याची नक्कल, फेरफाराची नक्कल, निकालाची नक्कल. त्यासाठी लोक अर्ज करतात, फी भरतात, रांगेत उभे राहतात. माझ्या बाबांनी एका जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी किती चकरा मारल्या ते मी पाहिलं आहे. मिळाली तेव्हा त्यांनी तिच्या आणखी तीन झेरॉक्स काढल्या. एक लॉकरमध्ये, एक मोठ्या बाबांकडे, एक वकिलाकडे. जमिनीच्या कागदाबद्दल आपल्या शेतकरी बापाला जी अक्कल आहे, ती आजीच्या आवाजाबद्दल आपल्याला का नसावी?

आपल्या भाषेचा इतिहासच नकलांवर उभा आहे. वर्ध्याला लागून अमरावती जिल्हा, त्यात महानुभावांचं रिद्धपूर. तिथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. परंपरा सांगते की त्याची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि मग शिष्यांनी आठवून आठवून तो पुन्हा उभा केला. म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात. पुढची कित्येक शतकं महानुभाव लेखक हातांनी पोथ्या उतरवत राहिले. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांचं नाव आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. त्यांच्या हातची अभंगांची वही हा गाथेच्या अभ्यासातला महत्त्वाचा आधार मानला जातो. इंद्रायणीची कथा तुम्ही श्रद्धेने वाचा किंवा रूपक म्हणून, पण एकाच प्रतीचं काय होऊ शकतं आणि लिहून घेणारा माणूस का लागतो, हे ती कथा ऐकणाऱ्या कुठल्याही आजीला कळतं.

आणि संस्था जपतील म्हणून निश्चिंत राहावं म्हणाल, तर पुण्याकडे पाहा. ८ जानेवारी २००३ ला जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली. जुने, दुर्मिळ सिनेमे जळाले. ज्यांच्या प्रती आधी दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते सिनेमे वाचले. १९३१ चा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, आज कुठेही नाही. त्याचे फोटो आहेत, पोस्टर आहेत, जाहिराती आहेत. सिनेमा नाही.

'कॉपी म्हणजे चोरी'

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीची कॉपी काढणं ही चोरी नाही का?

आधी कबुली. हॉस्टेलवर असताना मी मराठी सिनेमे पेन ड्राइव्हवरून वाटले आहेत. ती चोरीच होती. स्टेशनबाहेर तीस रुपयांत चार सिनेमांची सीडी मिळायची. त्या सीडीने मराठी निर्मात्याचं पोट मारलं, यात मला शंका नाही. त्या धंद्याची मी वकिली करत नाही.

पण घरात विकत घेतलेली चकती खराब होण्याआधी स्वतःसाठी तिची प्रत करून ठेवणं आणि ती प्रत वाटणं, विकणं, अपलोड करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या मुद्दाम एकत्र कालवल्या जातात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ (१) (अ) उघडून वाचा. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासाठी केलेला वाजवी वापर हा हक्कभंग नाही, असं ते सांगते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सूट सिनेमा आणि ध्वनिमुद्रणालाही लागू झाली. कॉम्प्युटर प्रोग्रॅम तेवढे त्यातून वगळले आहेत आणि त्यांच्या बॅकअप प्रतीसाठी त्याच कलमात वेगळी तरतूद आहे.

मग डीव्हीडीवरच्या डिजिटल कुलपाचं काय? त्याच दुरुस्तीने कलम ६५ अ आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण त्यात एक अट आहे: ते हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलेलं असलं पाहिजे. ज्या कामाला कायद्याने मनाई केलेली नाही, त्यासाठी केलेलं काम या कलमात अडकत नाही, असंही तिथेच लिहिलं आहे. अमेरिकेतला कायदा याहून कितीतरी कडक आहे. आपल्या संसदेने विचार करून वेगळा रस्ता घेतला. तरी आपण अमेरिकी सिनेमाच्या सुरुवातीला येणारी धमकीची पाटी वाचून आपल्याच घरात चोरासारखे वागतो!

'वाजवी' या शब्दाला मर्यादा आहे, हे विसरू नका. घरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत ही एक गोष्ट, गल्लीतल्या चाळीस जणांना फाईल पाठवणं ही दुसरी. मात्र सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. १९५३ च्या 'श्यामची आई'चा केव्हाच संपला आहे. आणि तुमच्या घरच्या लग्नाच्या, नाटकाच्या, भजनाच्या सीडीबाबत तर मोठ्या कंपन्यांचा काही संबंधच येत नाही. तिथे फक्त आपला आळस आडवा येतो.

चकती मरते कशी

बाजारातून आणलेल्या छापील सीडीत माहिती ॲल्युमिनियमच्या थराखाली ठशांच्या रूपात असते. घरी किंवा स्टुडिओत 'बर्न' केलेल्या सीडीत मात्र एक सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग बिघडत जातो. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा ४५ च्या पुढे, टिनाचं छत, त्याखाली लोखंडी कपाट. मग पावसाळ्याचे चार महिने ओल. आई ज्याला सुरक्षित जागा समजत होती, ती त्या चकतीसाठी भट्टी होती.

शिवाय सीडीची खरी नाजूक बाजू खालची चकचकीत नव्हे, वरची असते. माहितीचा थर वरच्या बाजूला, पातळ वार्निशच्या लगेच खाली असतो. बॉलपेनने तिथे नाव लिहिलं की ओरखडा थेट माहितीवर. लग्नाच्या सीडीवरचं ते गोल स्टिकर सोलायला गेलात तर थर त्याच्याबरोबर निघून येतो. म्हणून स्टिकर काढू नका.

आणि चकती टिकली तरी वाजवणार कशावर? लॅपटॉपमधले ड्राइव्ह गेले. ज्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांत आणून आपल्या घरांत चकत्यांचे ढीग लावले, ती २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून मोडीत गेली. घरचा प्लेअर भंगारवाल्याने नेला. पुढच्या दहा वर्षांत हे काम करणारा माणूसही मिळणार नाही, जसा आज टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा शोधावा लागतो.

काम एका सुट्टीचं आहे

यूएसबीला लावायचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळतो. चार घरांनी मिळून एक घ्या. एका व्हीसीडीत साधारण ७०० एमबी माहिती असते. म्हणजे शंभर व्हीसीडी ७० जीबीत मावतात. तुमच्या खिशातल्या फोनची जागा त्याहून जास्त आहे. डीव्हीडी एका थराची असेल तर ४.७ जीबी.

सीडी मऊ सुती कापडाने पुसा, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल नाही. व्हीसीडीत एका फोल्डरमध्ये मोठ्या 'डॅट' फाइल असतात, त्या सरळ कॉपी करा. व्हीएलसीवर त्या चालतात. डीव्हीडीची जमल्यास पूर्ण आयएसओ प्रतिमा बनवा.

गाण्यांच्या ऑडिओ सीडीबाबत मात्र सावध राहा. विंडोजमध्ये त्यावर छोट्या छोट्या 'सीडीए' फाइल दिसतात. त्या कॉपी करून लोक खुश होतात. त्यात गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. सीडी फेकून दिल्यावर कळतं की आपण पन्नास रिकाम्या पाट्या जपून ठेवल्या. तिथे सीडी 'रिप' करणारं सॉफ्टवेअर वापरा आणि 'फ्लॅक' स्वरूपात साठवा, आवाज जसाच्या तसा राहतो.

वाचत नसलेली सीडी लगेच टाकू नका. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. जुने ड्राइव्ह कधी कधी जास्त सोसतात. 'डीडीरेस्क्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते खराब जागा ओलांडून आधी मिळेल तेवढं उचलतं आणि मग उरलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं.

आणि बाबांचा सातबाऱ्याचा नियम पाळा. तीन प्रती, निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. नाहीतर सीडीच्या जागी हार्ड डिस्क लॉकरमध्ये जाईल आणि गोष्ट पुन्हा तिथेच येईल. फाईलला नाव द्या: कुणाचं लग्न, कुठलं गाव, कुठलं साल. शेजारी आईला बसवा आणि पडद्यावरच्या माणसांची नावं विचारून लिहून घ्या. हे शेवटचं काम कुठलंही सॉफ्टवेअर करणार नाही, आणि ते करू शकणारी माणसं आपल्या घरांतून एकेक करून कमी होत आहेत.

आमच्या पहिल्या सीडीचं पुढे काय झालं ते सांगतो. २०२१ मध्ये एका मित्राच्या भंगारातल्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये ती वाचली गेली. डीडीरेस्क्यू दोन दिवस चालू होतं. हळदीचा बहुतेक भाग आला. पण सीडीवर माहिती आतून बाहेर लिहिली जाते, शेवटचा भाग कडेला येतो, आणि आमच्या सीडीची कडच जास्त खराब झाली होती. आजी लाजते, पदर सारखा करते, पहिली ओळ म्हणते. मग चित्राचे हिरवे-जांभळे चौकोन होतात. मध्येच आवाज येतो, जातो. सगळं मिळून पन्नास सेकंद ऐकू येतं. पुढचं गाणं तिच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. आत्याला दोन ओळी आठवतात, तिसरीवर ती अडते.

ते पन्नास सेकंद आता आमच्याकडे चार घरांत आहेत. उरलेली चार मिनिटं २००८ साली, दहा मिनिटांच्या कामात वाचली असती.

तुमच्या घरातला डबा कुठे आहे, हे तुम्हाला आत्ता, हे वाचताना, नक्की आठवलं असेल. आज रात्री घरी फोन करा आणि आईला सांगा, तो कपाटातून बाहेर काढ म्हणून.